वनमालेच्या दातांची राखणदार

मी एक जुनी जाळी आहे. माशांची नव्हे, खिडकीचीही नव्हे. मी माणसाच्या तोंडावर बसते. कयाक नावाची एक निमुळती होडी असते. तिच्यात एकच माणूस बसतो आणि हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे घेऊन नदीच्या उसळत्या, फेसाळत्या पाण्यात उतरतो. अशा माणसाच्या हेल्मेटला पुढून मला लावतात. होडी उलटली की तो कमरेपर्यंत होडीत आणि डोके पाण्याखाली, अशी गंमत होते. त्या वेळी नदीतल्या खडकांची आणि त्याच्या दातांची गाठ पडू नये, म्हणून माझा जन्म झाला.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे आणि एक तार किंचित वाकडी आहे. पण देवाच्या कृपेने आयुष्य असे आनंदात गेले की ते सांगायला मला कीर्तनकारासारखे उभेच राहावेसे वाटते. पाय नाहीत, म्हणून भिंतीवरच्या खिळ्यावरूनच सांगते.

माझा जन्म घाटकोपरचा. काशीराम नावाच्या कारागिराच्या गाळ्यात टेबलफॅनच्या जाळ्या बनत. माझी सगळी भावंडे पंख्यांवर जाऊन बसली आणि जन्मभर वारा खात राहिली. माझ्या नशिबी पाणी होते. १९८६ सालच्या जानेवारीत गाळ्याच्या दारात दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. एक विलेपार्ल्याची वनमाला, टेलिफोन खात्यात नोकरीला. दुसरी तिची मैत्रीण प्रेमा, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. दोघी दर रविवारी पवईच्या तलावात कयाक शिकत. प्रेमा त्यात केव्हाच तरबेज झाली होती.

"भाऊ, माझ्या तोंडाला बसेल अशी जाळी करून द्या," वनमाला म्हणाली.

काशीरामने चष्मा वर सरकवला. "तोंडाला? का, ताई? चावता की काय कुणाला?"

"ही नाही चावत," प्रेमा म्हणाली. "हिला नदी चावते."

काशीराम पोट धरून हसला आणि कामाला लागला. दोऱ्याने त्याने वनमालेच्या कपाळाचे, गालांचे माप घेतले. प्रेमा लगेच म्हणाली, "बघ गं, लग्नाआधीच मुंडावळ्या!" काशीरामने माझ्या तारांमधून बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवली, नाहीतर पाण्यातली फांदी अडकायची. टोके कानशीने घासून गुळगुळीत केली. आणि मला नाकापासून चांगले दूर बसवले, म्हणजे खडकाचा मार मी खाल्ला तरी तो पुढे दातांपर्यंत पोचू नये.

आता वनमालेला दातांची एवढी काळजी का, ते सांगते. तिचे वडील गुणाजीबुवा मूळचे कोकणातले. गिरणीत नोकरी आणि देवळात कीर्तन, हे त्यांचे आयुष्य. पार्ल्याच्या एका मारुतीच्या देवळात दर हनुमान जयंतीला पहाटेचे कीर्तन त्यांचेच. पण गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांचा आवाज हळूहळू खाल्ला. संप झाला, गिरणी सुटली, तरी गेलेला आवाज परत आला नाही. त्या वर्षी त्यांच्या जागी पहिल्यांदाच वनमाला उभी राहणार होती. आणि कीर्तनकाराचे पुढचे दात म्हणजे पेटीच्या पट्ट्या. एक गेला की सूर गेला. 'सीता' म्हणायला जावे तर शिट्टी वाजते.

हे त्या घराला अनुभवाने ठाऊक होते. बुवांच्या पुढच्या दातांची कवळी होती. एकदा लंकादहन अगदी रंगात आलेले असताना ती कवळी उडाली आणि तबलजीच्या मांडीवर पडली. मागे बसलेल्या लोकांना वाटले, लंकेतलेच काहीतरी जळून पडले!

त्यामुळे मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा वनमालेची आई, अंजनाबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्यां काय गो? वाघाक घालतत तसो पिंजरो?"

"आई, दात राखायला आहे."

"दात राखूचे आसत तर घरात बस. घरात खडक नाय."

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा नदी पाहिली. कोलाडच्या बाजूला धरणाचे पाणी सकाळी सोडतात आणि बघता बघता मुकी पडलेली नदी टाळ्या पिटत धावू लागते. मी हरखून गेले. वनमालाही हरखली. ती मोठ्याने गात होती, आणि गाताना गळ्याला काचतो म्हणून तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला होता. हे मला कळत होते, पण जाळीला बोलता कुठे येते!

वळणावर एक काळाभोर खडक होता. गावकरी त्याला म्हैस म्हणत. पाण्यात निवांत बसलेली म्हैसच ती. तिच्या अंगावर होडी चढली आणि उलटली. पाण्याखाली गेल्यावर हवा शोधायला माणूस तोंड वर करतो आणि मागे रेलतो. वनमालाही रेलली. मागे रेलले की सगळा चेहरा खडकांसमोर ताटासारखा वाढून ठेवल्यासारखा होतो. मी पहिला दणका झेलला आणि वाकले. पण सैल पट्ट्यामुळे हेल्मेट मागे सरकले, मी कपाळावर गेले, आणि तिचे स्वतःचेच वल्हे उसळून तिच्या ओठांवर बसले.

प्रेमाने तिला ओढून काठावर आणले. ओठ सुजला होता आणि पुढचा एक दात हलत होता.

"पुढे वाक, पुढे वाक म्हणून घसा फोडते मी पवईला!" प्रेमा रागाने म्हणाली. डोळ्यांत मात्र पाणी होते. "वाट लागली असती आज!"

"दिसतंय का गं फार?" वनमालेने विचारले. खरे तर तिने 'दिथतंय' म्हटले. आणि हनुमान जयंती एप्रिलमध्ये होती.

दातांचे डॉक्टर म्हणाले, दात वाचेल, पण त्याला आराम हवा आणि पुन्हा धक्का लागता कामा नये. अंजनाबाईंनी मग काही विचारलेच नाही. वनमालेने मला सरळ करायला म्हणून हेल्मेटवरून सोडवून ठेवले होते. त्यांनी मला उचलले आणि दुधाच्या पातेल्यावर उपडे ठेवले. मांजर यायचे, माझ्याकडे बघायचे आणि तोंड फिरवून जायचे. तिथेही मी दातांपासूनच राखण करीत होते म्हणा, पण मन रमेना. मी असूनही तिला लागले, हे सलत होते.

होळीच्या सुमारास दात घट्ट बसला. 'स' पुन्हा 'स' झाला. मग एका रविवारी प्रेमा सुके बोंबील घेऊन आली आणि म्हणाली, "हनुमान जयंतीच्या आधीच्या रविवारी सगळे नदीवर चाललेत. पावसाळ्याआधीची शेवटची मोठी खेप. येतेस?"

"नाय," अंजनाबाई आतून म्हणाल्या. "तिचां कीर्तन तोंडार इलां."

वनमाला स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. मग म्हणाली, "आई, मी मारुतीने समुद्र ओलांडल्याची गोष्ट सांगणार, आणि स्वतः एका खडकाला भिऊन घरात बसणार? लोकांना नाही कळणार, पण मला कळेल ना. आवाजच निघायचा नाही माझा."

आतून नुसती भांडी आपटल्याचा आवाज आला. खाटेवर बसलेले गुणाजीबुवा मात्र त्यांच्या बसक्या आवाजात म्हणाले, "उलटलीस तेव्हा काय केलंस, ते दाखव बघू मला."

वनमालेने पाट ओढला. वल्हे म्हणून लाटणे घेतले. पाटावर बसून ती कलंडली आणि पाण्याखाली करावे तशी मागे रेलली, हनुवटी वर.

"थांब," बुवा म्हणाले. "कीर्तन संपल्यावर माझ्या पाया पडतेस, तेव्हा तोंड आढ्याकडे असतं काय गो तुझं?"

"नाही, बाबा."

"कुठं असतं?"

"खाली. तुमच्या पायांवर."

"मग तशीच पड. होडीच्या पाया पड. नदी आपल्यापेक्षा मोठी ना? मोठ्यांपुढे वाकायला लाज कसली?"

वनमाला पुढे वाकली. कपाळ पाटाला, कोपरे अंगाजवळ, लाटणे पाटाच्या कडेशी आडवे. लहानपणापासून शेकडो नमस्कार घातलेली ती पाठ अशी सहज वळली, की प्रेमा ताडकन उठून उभी राहिली.

"अगं, हेच! हेच तर मी बोंबलून बोंबलून सांगते!"

"तू सांगितलंस बाय, पण ती कानांनी ऐकत होती," बुवा हसले. "आता पाठीनं ऐकलं."

अंजनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. लेकीच्या वाकलेल्या पाठीकडे त्यांनी बघितले. मग स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यावरून मला उचलले, धुतले आणि वनमालेच्या हातात दिले. "जा. पण जितके दात घेवन जातंस, तितकेच घेवन परत ये."

मित्रांनो, मला तर माहेरी निघाल्यासारखे वाटले! काशीरामने मला ठोकून सरळ केले, एक जास्तीची आडवी तार जोडली आणि म्हणाला, "आता खडकाचेच दात पाडून या." पवईला रोज संध्याकाळी सराव झाला. उलटायचे, वाकायचे, कपाळ होडीला टेकवायचे, मग वल्ह्याने गिरकी घेऊन वर यायचे. पट्टा एवढा घट्ट की खाली जेमतेम एक बोट शिरावे. गाणे काठावर. एकदा लांब काठावर मगर ऊन खात पडलेली दिसली, तर प्रेमा म्हणाली, "त्या बाईला पण काशीरामकडे पाठवू या. दात बघ किती उघड्यावर टाकलेत!"

तो रविवार उजाडला. पाणी सुटले. वनमालेने काठावर हात जोडले, पट्टा तपासला आणि उतरली. पहिल्या लाटा झकास गेल्या. मग ते वळण, आणि ती म्हैस. लाट बाजूने आली आणि होडी उलटली.

मी सगळे पाहिले. हिरवा अंधार, बुडबुडे, वरून सरकणारे खडक. तिची मान क्षणभर वर जाऊ पाहत होती. आणि मग ती वाकली. जशी बापाच्या पायांवर वाकावी, तशी. कपाळ होडीला टेकले. खडक तिच्या पाठीवरच्या जाकिटावर आपटला, हेल्मेटवरून घसरला आणि जाता जाता मला घासून गेला. त्या घर्षणाने मी अशी वाजले, जशी देवळातली झांज. वल्हे कडेशी होते, कोपरे अंगाशी होती. वनमालेने गिरकी घेतली आणि आम्ही उन्हात आलो.

"तोंड उघड!" प्रेमा होडी रेटत ओरडली. "मोज आधी!"

वनमालेने जिभेने दात चाचपले आणि अशी खदखदून हसली, की काठावरचे बगळे उडाले. "सगळे आहेत गं! एखादा जास्तच वाटतोय!"

हनुमान जयंतीच्या पहाटे मीही देवळात होते. कीर्तनानंतर पवईला सरावाला जायचे, म्हणून तिने मला झोळीत घातले होते. वनमाला उभी राहिली. मागे बुवा झांज घेऊन बसले. पुढच्या रांगेत अंजनाबाई डोळे मिटून नुसत्या कान देऊन होत्या. सीता, समुद्र, सेतू, सुग्रीव. एकेक 'स' असा स्वच्छ येत होता, जसा नुकता घासलेला तांब्या. प्रत्येक 'स' आला की अंजनाबाईंची मान डोलायची.

मग आख्यानात बाळ मारुती सूर्याला फळ समजून झेपावला आणि इंद्राचे वज्र त्याच्या हनुवटीवर बसले. वनमाला थांबली. लोकांकडे पाहून म्हणाली, "मारुतीराया देव होते, म्हणून हनुवटीवर निभावलं. आपण माणसं. आपल्याला आधी वाकावं लागतं, आणि वर जाळीसुद्धा लागते!" असे म्हणून तिने झोळीतून मला काढून वर धरले. सगळे देऊळ हसले. बुवाही हसले. मात्र एक हात कवळीवर ठेवून! सूर्य वर आला, पाळणा हलला, 'बजरंगबली की जय' झाले. अंजनाबाई कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आल्या आणि मूर्तीला लावून झाल्यावर मलाही एक बोट लावले.

"पुढच्या आयतवारी जातंस मां?" त्यांनी लेकीला विचारले. "हिका घेतल्याशिवाय जाव नको."

मित्रांनो, त्यानंतर कित्येक मुलामुलींच्या चेहऱ्यांवर मी बसले. आता माझ्याहून हलक्या, देखण्या जाळ्या आल्या आहेत. त्यांचे मला कौतुकच आहे. माझी फक्त एक विनवणी ऐका. तुमची जाळी असेल तिला जपा. नदीवरून आल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा, पुसा, स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा. पट्टा कधी सैल ठेवू नका, कुणी हसले तरी. होडी उलटली तर मान वर करू नका, पुढे वाका. जाळी पुढे असते, पण वाचवते ती तुमची वाकलेली पाठ. आम्ही दोघींनी मिळूनच हे काम करायचे असते.

आणि पाण्याबाहेर सुखरूप आलात, की सगळ्यांत आधी तोंडभर हसा. दात जपले ते कशासाठी, नाहीतर?