वरवरची शिवण

डॉक्टरीणबाईंनी जखम उघडी सोडली, याचा टेलरबाईला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नव्हता. माकडहाडापाशी झालेलं गळू कापून काढलं, ते ठीक. पण कापल्यावर शिवायचं कोणी? "ही जखम आतून, तळापासून भरत यायला हवी. वरचं तोंड आधी मिटलं तर आत पू साचेल. रोज गॉजची पट्टी तळापर्यंत भरायची," एवढं सांगून बाई मोकळ्या झाल्या. टेलरबाईने घरी येऊन पालथं पडल्या पडल्या त्यांचा यथेच्छ उद्धार केला. तिने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला उसवलेला कपडा परत दिला नव्हता.

पट्टी भरायचं काम नवऱ्याच्या गळ्यात पडलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हात राकट आणि काळीज लोण्याचं. कोपरापर्यंत हात धुऊन तो चिमट्यात पट्टी धरायचा आणि तिने पहिली किंकाळी फोडली की घामाने निथळायचा.

"अहो, जखम आहे ती, उशी नव्हे! किती कोंबताय?"

"तळापर्यंत म्हणाल्या ना त्या."

"त्यांना काय जातंय म्हणायला!"

त्यातून बाहेरच्या खोलीत तिचं दुकान होतं आणि तिच्या मशीनवर मदतीला आलेली मोठी जाऊ बसली होती. जाऊबाई शिवायच्या कमी आणि उसवायच्या जास्त. तरी गिऱ्हाइकं आपली "फिटिंग छान बसलं हो" म्हणून जात. भिंतीपलीकडून ते कानावर आलं की टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चार दिवस आणखी गेले तर मशीन कायमचं जाऊबाईंचं होणार, हे तिला दिसत होतं. मशीन परत हवं तर बसता यायला हवं, आणि बसायचं तर जखम मिटायला हवी. एवढी साधी गोष्ट त्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात शिरू नये!

शेवटी तिने फर्मान काढलं. "उद्यापासून पट्टी नुसती वर ठेवायची. आत घालायची नाही. कडेला कड लागली की जुळतं सगळं. जन्म गेलाय माझा यात."

"अगं, कापड वेगळं आणि..."

"जखम कोणाची आहे?"

नवरा गप्प बसला. लग्न झाल्यापासून तिचा आवाज चढला की तो गप्पच बसत आला होता. शिवाय तिचं ओरडणं थांबलं, म्हणून त्यालाही हायसं वाटलं.

जखम भराभर मिटली. टेलरबाईने मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि तो मोठा करून करून पाहिला. "बघा, शिवण कशी सरळ आलीय!" लगोलग जाऊन तिने जाऊबाईंना मशीनवरून उठवलं.

"तुम्ही फार केलंत, जाऊबाई. आता आराम करा."

"डॉक्टरांना विचारलंस का गं?"

"त्यांना शिवता येत असतं तर विचारलं असतं."

आणि एका अंगावर रेलून, दात आवळून तिने बाह्या जोडायला घेतल्या.

थोड्याच दिवसांत ताप चढला. बूड टेकवेना, मग चालवेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाने दाबल्याबरोबर पू भळाभळा बाहेर आला. ती सरळ शिवण पुन्हा कापावी लागली, आणि या वेळी आधीपेक्षा खोल.

"पट्टी कोण भरत होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," नवरा म्हणाला. "माझा हात नीट पोचला नाही."

मग त्यांनी त्याला असं काही फैलावर घेतलं! आणखी पसरलं असतं तर जिवावर बेतलं असतं, कळतंय का तुम्हाला? पालथ्या पडलेल्या टेलरबाईला नवऱ्याच्या फक्त चपला दिसत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"त्यांना काय बोलता? मीच नको म्हटलं होतं!"

"मग यांनी ऐकलं कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.



दुसऱ्या दिवशी घरी पट्टी भरायची वेळ झाली. तो हात धुऊन आला तोच ती बरसली. "कोणी सांगितला होता मोठेपणा? माझी चूक अंगावर घ्यायला मी काय मेले होते?"

"मेलीच असतीस!" त्याने हातातलं भांडं दाणकन आपटलं. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "मला कळत होतं. रोज कळत होतं. तू ओरडशील म्हणून घाबरलो. तुझ्या ओरडण्याला घाबरून मी तुझा जीव घेतला असता!"

बाहेर जाऊबाईंचं मशीन थांबलं. टेलरबाईने उशी छातीशी ओढली.

"मग आता घाबरू नका," ती म्हणाली.

त्याने पट्टी आत घातली. ती किंचाळली. त्याच्या सात पिढ्या तिने काढल्या, डॉक्टरीणबाईंच्या काढल्या, आणि मग स्वतःच्याही. एकदाचा तो थांबला.

"झालं?"

"हो. बहुतेक."

"बहुतेक काय, बहुतेक!" ती कडाडली. उशी डोळ्यांतल्या पाण्याने भिजली होती. "आत अजून जागा आहे, मला कळतंय. भरा!"