पाठकोरे कागद

त्या शुक्रवारी शार्दूलला दोन वेळा गाठायच्या होत्या. दुपारी तीनला घराच्या किल्ल्या मालकिणीला द्यायच्या आणि संध्याकाळी पाचपर्यंत मास्टर्सचा प्रबंध अपलोड करायचा. ताईला, म्हणजे सुचित्राला, आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि ती आठवड्यापूर्वीच पुढे गेली होती. मेनूथच्या घरात मागे उरले शार्दूल आणि तिचा नवरा आशिष. एका म्यानात दोन तलवारी, त्यातली एक फुकट राहणारी. हे आशिषभावोजी मनात ठेवत नसत. चहाबरोबर रोज ऐकवत.

प्रबंध लिहून झाला होता. राहिले होते एकतीस फॉर्म. म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवरची बँक कशी झेपते, हा त्याचा विषय. त्या एकतीस जणांनी 'माझी हरकत नाही' म्हणून सह्या केलेले हे कागद. स्कॅन करून जोडले नाहीत तर डिपार्टमेंट प्रबंध घेणार नव्हतं. तीन आठवडे पठ्ठ्या 'उद्या करतो' म्हणत होता. टेबल पॅक झालं म्हणून काल गठ्ठा किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवला, कपांच्या शेजारी.

बारा वाजता त्याने प्रेस उघडलं, तर आत काहीच नाही.

"भावोजी, इथले कागद?"

"कप गुंडाळले त्यात." भावोजी खोक्याला टेप लावत होते. "पाठकोरे होते."

"अहो, सह्या होत्या त्यावर!"

"एका बाजूला. दुसरी कोरी होती. आमच्या घरी कागद वाया घालवत नाहीत."

"आणि वाचत पण नाहीत?"

"तुझे कागद तू सांभाळायचे. मी काय तुझा शिपाई आहे?"

"कुठल्या खोक्यात आहेत?"

भावोजींनी हनुवटीनेच व्हॅन दाखवली. आत चौदा खोकी होती आणि चौदाच्या चौदा खोक्यांवर एकच शब्द: किचन.

शार्दूल कटर घेऊन व्हॅनमध्ये चढला. पहिल्या खोक्यात कुकर. दुसऱ्यात डबे. भावोजी मागून आले आणि फोन त्याच्या कानाशी धरला. "घे. बहिणीशी बोल."

"शार्दूल, काय तमाशा लावलायस?" ताई वॉर्डच्या बाहेरून दबक्या आवाजात बोलत होती. "ते दोन दिवस एकटे पॅकिंग करतायत."

"ताई, माझे फॉर्म..."

"दोन वर्षं त्यांच्या घरात राहिलास. एक दिवस तरी ऐक त्यांचं." तिने फोन ठेवला.

शार्दूलने तिसरं खोकं फाडलं. व्हॅनवाला रस्त्याकडेला सिगरेट ओढत म्हणाला, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे चालू द्या, आणि घड्याळ बघितलं. सहाव्या खोक्यात पहिला फॉर्म सापडला, चुरगळलेला, पण सही शाबूत. मग एकेक कप सोडवायचा, कागद मांडीवर दाबून सरळ करायचा, कप तसाच उघडा ठेवायचा. सत्ताविसाव्याला हात घसरला. बशी पडली. दोन तुकडे.

"आईचा सेट होता तो," भावोजी म्हणाले.

"तुमच्या आईने पुण्याहून आणलेला सेट माझ्या डिग्रीत गुंडाळायला कुणी सांगितला होता?"

"डिग्री! तीन आठवडे लोळत होतास तेव्हा कुठे होती डिग्री?"

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. शार्दूलने उरलेले चार मुकाट्याने शोधले. एकतीस. दोनदा मोजले.

"हे उघडे कप आता कशात गुंडाळू?"

"मांडीवर घेऊन बसा स्लायगोपर्यंत."

भावोजींनी त्यांच्याबरोबर स्लायगोला निघालेली शार्दूलची बॅग व्हॅनमधून काढून फुटपाथवर ठेवली. फेकली नाही, हे विशेष. "जागा नाही," म्हणाले. पुढच्या सीटवर तिघं सहज मावले असते. दार आपटलं, व्हॅन गेली. तीनच्या आधी किल्ल्या शार्दूलनेच मालकिणीला दिल्या.

लायब्ररीतला स्कॅनर सुरकुत्यांवर अडकत होता. नवव्या फॉर्मवर चहाचा डाग, एकोणिसावा मधोमध फाटलेला. त्याने टेप लावून तो पुन्हा फिरवला. चार एक्केचाळीसला अपलोड झालं. समोर हिरवी खूण आली. त्याने फॉर्मांचा गठ्ठा बॅगेत भरला.

सव्वापाचला ताईचा फोन.

"संध्याकाळची स्लायगोची ट्रेन मेनूथला थांबते. ये. आणि आल्या आल्या त्यांना सॉरी म्हण."

"कशाबद्दल?"

"बशी फोडलीस ना. सासूबाईंची होती रे. ते जेवलेपण नाहीत."

"ताई, सबमिट झालं का, ते नाही विचारलंस."

पलीकडे ट्रॉलीची चाकं ऐकू आली.

"झालंच असेल की. तुझं काय, नेहमी शेवटी होतंच."

त्याने फोन कापला. ती परत करेल म्हणून पाच मिनिटं वाट बघितली. नाही आला. मग वर्गातल्या पियूषला मेसेज टाकला: सोफा रिकामा आहे का, महिनाभर?

उत्तर लगेच आलं: "ये. येताना दूध आण."

ट्रेन वेळेवर आली असणार. शार्दूल तेव्हा सुपरमार्केटच्या रांगेत होता.