पुढचा मुक्काम

पाचगणीच्या आमच्या शाळेत दर रविवारी दुपारी चार ते पाच या वेळात मोबाईल हातात देतात. त्या एका तासात मुली आईशी भांडतात, रडतात, फोटो टाकतात. माझा मोबाईल मामाचा जुना, काच तडकलेला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लागायला तेवढा पुरतो. एप्रिलमधल्या त्या रविवारी मी नंबर लावायच्या आतच अंकिता पळत आली आणि तिने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला. अंकिता माझ्या खोलीतली, कराडची, उसाच्या घरातली. तिच्या मामांच्या गावच्या, मसूरच्या, ग्रुपवर माझा नकाशा फिरत होता.

खाली कुणीतरी लिहिलं होतं, पोरीने नाव काढलं. दुसऱ्याने लिहिलं होतं की सोमवारी मसूरच्या माळाला वाडा येतोय, ज्यांना खतासाठी रानात मेंढरं बसवायची त्यांनी आधी गाठा. अंकिताला वाटलं मी नाचेन. मी घाबरले.

आधी नकाशाचं सांगते. आमच्याकडे अकरावीत काही मुलं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पातळीचे विषय घेतात. मी मानवी भूगोल घेतला. माणसं कुठून कुठे जातात, का जातात, जमीन कशी वापरतात, असला विषय. पहिल्या तासाला प्रियदर्शनी मॅडमनी स्थलांतर म्हणजे काय ते विचारलं तेव्हा मला हसूच आलं, कारण माझा जन्मच वाटेवरचा. आम्ही आटपाडीकडचे धनगर. दिवाळी झाली की आबा, आई, मेंढरं, दोन घोडी आणि तीन कुत्री असा आमचा वाडा पश्चिमेला निघतो. ऊस तुटलेल्या रानांत मुक्काम करत कृष्णेवरून कोयनेपर्यंत जातो आणि पावसाळ्याआधी माघारी येतो. वर्गातल्या राजवर्धनने वाडा हा शब्द ऐकून खोल्या किती असं विचारलं होतं. मी म्हटलं, छपरासकट रोज बदलतात, मोजायला वेळ मिळत नाही.

परीक्षा मे महिन्यात असते. पण आमच्या शाळेचा नियम असा, की आधी स्वतः विचारून-हिंडून केलेला एक प्रबंध द्यायचा, त्याशिवाय परीक्षेचा अर्ज पुढे जात नाही. मी शिष्यवृत्तीवर आहे. अर्ज गेला नाही तर शिष्यवृत्ती गेली, आणि ती गेली की मी मामाच्या घरी, बारावी कशीबशी, मग स्थळं. म्हणून मी जीव ओतून आमच्या वाड्याचा नकाशा केला. दर रविवारी आबांना विचारून दिवाळीपासूनचे सगळे मुक्काम घातले, आणि पुढचेही घातले, तारखांसकट. मॅडमना तो इतका आवडला की त्यांनी शाळेच्या वेबसाइटवर टाकू का म्हणून विचारलं. मी लगेच हो म्हटलं. फुशारकी, दुसरं काय.

आता का घाबरले ते. आमच्या वाड्यात पुढचा मुक्काम कुणाला सांगत नाहीत. वाटेत कुणी विचारलं, पाव्हणं उद्या कुठं, तर आबा म्हणतात, मेंढरं नेतील तिकडं. चांगलं रान दुसऱ्याने आधी गाठू नये म्हणून तर खरंच, पण जास्त भीती चोरांची. मागच्या साली जोतिबाकाकांची अकरा मेंढरं एका जीपमधून गेली. कुत्र्यांना भाकरीतून काहीतरी घातलं होतं. काकांचा गुन्हा एवढाच, की चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडून पुढच्या गावाचं नाव निघून गेलं. हे सगळं मला चालायला लागल्यापासून ठाऊक आहे. तरी वर्गातल्या टेबलाशी रंगीत पेन घेऊन बसले तेव्हा आठवलं नाही. तिथे आमची वाट म्हणजे माझी माहिती झाली होती, आणि जितकी जास्त माहिती तितके गुण जास्त.

मी आबांना फोन लावला. बंद. परत लावला. बंद. यात नवल नाही, आबांचा फोन एखाद्या शेतकऱ्याच्या घरी चार्ज होईल तेव्हाच चालू असतो. पण त्या दिवशी ते मला पटेना. सतरा वेळा लावला. पाच वाजले, वॉर्डनबाईंनी मोबाईल गोळा केले. मी माझा घट्ट धरून ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच घर आठवतं. मला त्यांचा इतका राग आला की मोबाईल त्यांच्या हातात आपटला.

तशीच मॅडमच्या क्वार्टरवर गेले. प्रियदर्शनी मॅडम वाईट नाहीत. ऐकल्याबरोबर त्यांनी नकाशा वेबसाइटवरून काढला. पण जो शंभर जणांच्या फोनमध्ये गेला तो कोण काढणार. मी निघताना त्यांनी आठवण करून दिली की प्रबंध सोमवारी दुपारी बारापर्यंत, आणि शेवटच्या पानावर सही हवी, यातली सगळी माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. सही मला तेव्हा किरकोळ वाटली. मला फक्त जीपचे दिवे दिसत होते, आणि आई. कुत्री भुंकली की आधी आई उठते. ती हातात काठी घेऊन एकटीच पुढे जाते, कुणाला हाक मारत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सातला मॅडमनी स्वतःचा फोन दिला. रिंग गेली. आबांनी उचलला आणि नेहमीसारखे मोठ्याने बोलले, जणू मधला डोंगर ओलांडायचाय.

"आबा, मेंढरं हायत न्हवं?"

"हायत की. कुठं जात्यात?"

"आज मसूरला जाऊ नगा. सगळ्यास्नी कळलंय."

"मसूरला कोण चाललंय?"

मी म्हटलं, तुमीच सांगितलं हुतं, सोमवारी मसूर. पलीकडे घंटा वाजली, पुढच्या मेंढीच्या गळ्यातली.

"सांगितलं हुतं व्हय," आबा म्हणाले. "सोने, म्हागली गावं सांगितली ती सगळी खरी हायत. फुडची न्हाईत."

"मला खोटं सांगितलं?"

"तू लिव्हणार हुतीस. खरं सांगितलं तर मेंढरं जात्यात. खोटं लिव्ह म्हनलो तर तुझं शिक्षान बाटतंय. म्हून खोटं मी बोललो. तू आपलं खरं समजून लिव्हलंस, तुला पाप लागत न्हाई. लागलं तर मला लागंल."

मेंढरं वाचली म्हणून रडू येत होतं आणि बापाने मला टपरीवरच्या माणसांत बसवलं म्हणूनही येत होतं.

"पर आता तू फोन कराय नको हुतास," आबा म्हणाले. "आता तुला ठावं झालं."

मग ते कुणावर तरी ओरडले, बहुतेक घोडीवर, आणि फोन बंद झाला.

आता ठाऊक झालं होतं. कालपर्यंत मी डोळे मिटून सही ठोकली असती आणि ती खरी असती. आज तीच सही खोटी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडाच्या काठावर मीच स्वतः चालत येऊन उभी राहिलेली. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. प्रार्थना झाली, नाश्ता झाला, मी त्या कोऱ्या सहीच्या जागेकडे बघत बसले. अंकिता म्हणाली, कर ना सही, कोण मसूरला जाऊन बघणारे. तिचे मामा बघणार होते, रान रिकामं ठेवून बसले होते.

दहा वाजता मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, अजून दोन तास आहेत, वडिलांना परत फोन लाव आणि खरी गावं घाल, नकाशा आता शाळेबाहेर जाणार नाही, माझा शब्द. मॅडमचा शब्द खरा असेल. पण जोतिबाकाकांनीही एकाच माणसाला सांगितलं होतं.

"मी विचारणार नाही," मी म्हटलं. "विचारलं तर आता ते खरं सांगतील."

मॅडम म्हणाल्या की अर्धा नकाशा दिलास तर गुण जातील, अर्ज पाठवायचा की नाही ते समिती ठरवेल, आणि समितीत त्या एकट्या नाहीत. मी मान डोलावली.

मी पुढच्या सगळ्या मुक्कामांवर पांढरा कागद चिकटवला. कराडपासून आटपाडीपर्यंतची जागा कोरी. खाली लिहिलं, पुढचे मुक्काम माहिती देणाऱ्याने सांगितले नाहीत, आणि का सांगत नाहीत यावर तीन पानं जोडली. त्यात टपरी आली, जीप आली, आबांनी मला सांगितलेलं खोटंही आलं. बाराला पाच कमी असताना सही केली.

गुरुवारपर्यंत जीव टांगणीला होता. गुरुवारी यादी लागली, त्यात माझं नाव शेवटून दुसरं होतं. अर्ज गेला. प्रबंधाला वर्गातले सगळ्यात कमी गुण, शेरा एका ओळीचा, नकाशा अपुरा. राजवर्धनला त्याच्या पाचगणीतल्या पार्किंगच्या प्रबंधाला पैकीच्या पैकी मिळाले.

रविवारी चारला मी आबांना फोन लावला. पहिल्याच खेपेला लागला. मी विचारलं नाही कुठे आहात. आई कशी आहे, लंगडी कोकरी कशी आहे, एवढंच.

"मग?" आबांनीच विचारलं. "काय लिव्हलंस शेवटाला?"

"कोरं ठेवलं."

"मार्क गेलं?"

"गेलं. पर परीक्षेला बसत्ये."

घंटेचा आवाज लांब गेला, आबा मेंढरांपासून बाजूला झाले असावेत. मग आबांचा आवाज खाली आला. एवढा हळू ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"ऐक. उद्या आमी..." म्हणून त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही.