पिवळ्या पट्टीपलीकडच्या मर्नाबाई

बर्निसच्या खाणावळीत जमिनीवर मधोमध एक पिवळी पट्टी मारलेली आहे. अलीकडे पेनसिल्व्हेनिया, पलीकडे न्यूयॉर्क. बर्निसच्या सासऱ्याने इमारत बांधली तेव्हा जमीन स्वस्त कुठे मिळते एवढंच पाहिलं, राज्य कुठे संपतं ते नाही. त्यामुळे काउंटर आणि डोनटचं काचेचं कपाट पेनसिल्व्हेनियात पडलं, खिडकीकडची टेबलं आणि संडास न्यूयॉर्कात.

वेंडल स्ट्रूबच्या कमरेला, शर्टाखाली, कायम पिस्तूल असे. ते असं लपवून बाळगायचा शेरीफच्या सहीचा परवानाही पाकिटात असे. पण तो पट्टीपर्यंतच. एक पाऊल पुढे टाकलं, की तीस वर्षं बिनतक्रार गॅसची गाडी हाकून निवृत्त झालेला हा गृहस्थ सरळ गुन्हेगार. पिस्तूल गाडीत ठेवून यायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती वेंडलची. तत्त्वाचा प्रश्न होता. संडास पट्टीपलीकडे, त्यामुळे तत्त्वापायी तीन वर्षांत त्याने इथे कॉफीचा दुसरा कप घेतला नव्हता.

खरी पंचाईत अशी, की न्यूयॉर्कातल्या खिडकीपाशी मर्नाबाई बसत. विधवा, मधमाश्या पाळणाऱ्या, हसल्या की अख्ख्या खाणावळीला ऐकू जाणाऱ्या. वेंडलचा जीव त्यांच्यावर जडला होता आणि मधे अकरा पावलं होती. एका राज्याचा परवाना सगळ्या राज्यांनी मानावा, असं एक विधेयक वॉशिंग्टनमध्ये रखडलं होतं. ते मंजूर झालं की वेंडल ताठ मानेने, पिस्तुलासकट, ती अकरा पावलं चालणार होता. दर सोमवारी तो खासदाराच्या कचेरीत फोन करी.

त्या गुरुवारी बर्निसने त्याच्यापुढे अंडी आदळली.

"काय म्हणतो तुझा खासदार?"

"समितीत आहे."

"खासदार?"

"विधेयक गं! तूच सांग, गाडीचा परवाना पट्टीपलीकडे चालतो की नाही? लग्नाचा दाखला चालतो की नाही? मग माझ्या पिस्तुलानेच काय घोडं मारलंय?"

"मग आधी लग्नाचा काढ ना. चालतो म्हणतोस." बर्निसने आवाज उतरवला. "आणि काय ते लवकर कर. एल्वुड आज तिला शनिवारच्या नाचाला विचारणार आहे. मिशा रंगवून आलाय मेला."

वेंडलने वळून पाहिलं. निवृत्त चष्मेवाला एल्वुड मर्नाबाईंसमोर बसून त्यांच्या पॅनकेकवर पाक ओतत होता. खिशात नेलकटरही न बाळगणारा तो माणूस पन्नासच्या पन्नास राज्यांत बिनदिक्कत फिरू शकत होता.

सोमवार नसताना वेंडलने फोन लावला.

"या अधिवेशनात कठीण दिसतंय, साहेब," कचेरीतली मुलगी म्हणाली.

"आणि पुढच्या?"

"त्याआधी आम्हाला निवडून यावं लागेल."

वेंडल उठला, बाहेर गेला, गाडीतल्या पेटीत पिस्तूल कुलूपबंद करून परत आला. कमरेचा आधार गेल्याने पॅन्ट घसरत होती. ती एका हाताने धरून तो पट्टीशी थबकला.

"सीमेवर कुणी नाहीये रे," बर्निस ओरडली. "हो पार!"

तो पार झाला.

"मर्नाबाई, शनिवारी... म्हणजे नाचाला..."

"अरे, मी विचारतच होतो!" एल्वुड म्हणाला.

"तू तीन आठवडे विचारतोयस. मी तीन वर्षं."

मर्नाबाईंनी वेंडलला आपादमस्तक न्याहाळलं. "आज इकडे कसे? झालं का मंजूर?"

"नाही. गाडीत ठेवून आलो."

"आणि तत्त्व?"

"तेही गाडीतच आहे."

मर्नाबाई अख्ख्या खाणावळीला ऐकू जाईल अशा हसल्या. "बसा. मलाही कितीदा वाटलं, उठावं आणि काउंटरवर तुमच्याशेजारी जाऊन बसावं. पण जाणार कशी?" त्यांनी मांडीवरच्या पर्सवर थाप मारली. "अडतीसचं रिव्हॉल्व्हर. परवाना न्यूयॉर्कचा. तुमचं पेनसिल्व्हेनिया तो मानत नाही."

एल्वुडने काटा खाली ठेवला, घरी नळ गळतोय असं सांगितलं आणि बशी घेऊन पेनसिल्व्हेनियात स्थलांतर केलं.

वेंडलला आकाश ठेंगणं झालं. "म्हणजे आपण एकाच पक्षाचे! विधेयक मंजूर झालं की..."

"मंजूर होऊ नये म्हणून मी दर मंगळवारी फोन करते."

"काय?"

"परवान्यासाठी सोळा तास वर्गात बसले मी. दोन तास नेमबाजी. चार भल्या माणसांची नावं द्यावी लागली. तुम्ही काय केलंत?"

वेंडलने आठवून पाहिलं. "फॉर्म भरला. वीस डॉलर दिले. फोटोत डोळे मिटले म्हणून दुसरा काढला."

"आणि असले लोक पॅन्ट सावरत पिस्तुलं घेऊन माझ्या राज्यात येणार?"

"हा अपमान आहे, मर्नाबाई!"

"आहेच मुळी. शनिवारी सातला मला न्यायला या. तुमचं घरी ठेवून या, माझं घर न्यूयॉर्कात आहे. नाच तुमच्या बाजूला आहे, तेव्हा माझंही घरीच राहील. उरलेला अपमान गाडीत करते."