मोकळ्या कपाळाची देवी

पिवळं पान. त्यावर पिवळं पान.

माणसांना मान लववून नमस्कार करणारी हरणं.

आईच्या गुडघ्याला गुंडाळलेली लोकरी पट्टी.

आठशे वर्षांपूर्वी तोडलेलं झाड.

‘हात लावू नये’, चार भाषांत.

जपानमधल्या नारा शहरावर हेमंताचं ऊन उतरलं होतं. क्षीण, केशरधूसर, तळ्याच्या पाण्यावर थबकलेलं. मिरजेहून आलेल्या कमलिनीबाई लेकीमागून चालत होत्या. मंदिर पाहिलं, उद्यान पाहिलं, चहाघर पाहिलं. शेवटी लेकीचं संग्रहालय.

मैथिली इथे प्राचीन काष्ठमूर्ती जपायला शिकत होती. मार्चमध्ये ती इथे नोकरीत कायम होणार होती, नाहीतर मिरजेला परत.

दालनात मऊ, मेणासारखा अंधार. अंधारात देवी. श्यामल, काष्ठकोमल, मांडीवर वीणेसारखं वाद्य.

“ही बेंझाइतेन. म्हणजे आपली सरस्वतीच,” मैथिली म्हणाली.

“मग कपाळ असं ओकंबोकं का गं?”

“संग्रहालय आहे, आई. इथे पूजा नसते.”

“नसू दे बाई. आज मार्गशीर्षातला गुरुवार. दारची सवाष्ण तशीच सोडून जायची?”

मैथिली हसली. पुढच्या मूर्तीकडे वळली.

कमलिनीबाईंनी पर्समधली कुंकवाची कुयरी उघडली. अनामिका कुंकवात बुडून उठली. लाल बोट, काळं लाकूड, आठ शतकांचं मौन.

एक टिकली.

कमलिनीबाईंचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहरा तृप्त.

मग पावलं. मैथिलीचे वरिष्ठ, मोरिता-सान. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी जपानीत विचारलं, “या बाई तुमच्याबरोबर आहेत का?”

“नाही,” मैथिली म्हणाली.

नाही.

कमलिनीबाईंना जपानी येत नव्हतं. लेकीची नकारात हललेली मान मात्र कळली. ‘मैथू’ ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. मोरितांनी बोलावलेल्या पहारेकऱ्यामागून त्या परक्या बाईसारख्या निघाल्या, मागे वळून न बघता. दाराशी त्यालाच मराठीत म्हणाल्या, जरा मोठ्यानेच, “चुकलं हो माझं. मी एकटीच आलेय.”

पहारेकऱ्याला शब्द कळला नाही. दालनात तो एकीलाच कळला.

मोरितांनी कापसाचा बोळा मैथिलीच्या हाती दिला. बोळा लाल झाला. दुसरा लाल झाला. तिसरा गुलाबी. कुंकू लाकडाच्या रेषांत शिरलं होतं, सूक्ष्म, अरुण, अविचल. आणि तोच रंग तिच्या कानांवर, गळ्यावर, तळव्यांवर चढत गेला, चढतच गेला, कुठल्याच कापसाने टिपेना.

दाराजवळच्या खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर आई, संग्रहालयाकडे पाठ करून, पदर घट्ट लपेटून, कुणाचीच नसल्यासारखी.

तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी, इथे उतरल्यावर विमानतळावर, मैथिलीचे केस कापलेले आणि तोंडावर मास्क असूनही, कमलिनीबाईंनी तिला लांबूनच ओळखलं होतं.