क्वेर्नवोल आडनावाची नात

रचना बाळंतपणाला नॉर्वेहून निपाणीला माहेरी आली होती. मुलगी झाली आणि बारशाच्या आदल्या दिवशी आडनावाचा विषय निघाला. रचना एकुलती एक. तेव्हा नातीनं तरी अनगोळकर लावावं, असं तिच्या वडिलांच्या, मष्णूआप्पांच्या मनात होतं.

"जावयाच्या आडनावाचा अर्थ तरी काय गं?" त्यांनी विचारलं.

"पाणचक्कीजवळचा माळ, आप्पा. त्यांच्या शेताचं नाव हाय ते. शेतावर जो राहील त्याला तेच आडनाव लागायचं. एरिकचे पणजोबा तिथं गडी म्हणून आले आणि क्वेर्नवोल झाले."

"आमचं उलटंच. अनगोळात हुतो तवर कोण अनगोळकर म्हणत न्हवतं. आमचं आजं निपाणीला आलं, मग झालं." आप्पांनी पुढं विचारलं, "आता जावयाच्या ह्या आडनावाची किती माणसं हाइत?"

रचनानं बारशासाठी आलेल्या नवऱ्याला विचारलं. एरिकनं दोन बोटं वर केली. एक तो आणि दुसरी त्याची म्हातारी आत्या. शेत तर केव्हाच विकलं गेलं होतं.

आप्पा पाळण्याकडे बघत राहिले. अनगोळकर निपाणीत होते, बेळगावात होते, कोल्हापुरातही होते. मन थोडं खट्टू झालं, तरी ते म्हणाले, "हिला क्वेर्नवोलच लावा. आमची लई हाइत."

बारशाला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी नातीचं नाव आडनावासकट सांगितलं. दर वेळी अडखळले, पण पूर्ण सांगितलं.