बुंदीची बोली

मंगळवार पेठेत चन्नवीर कोरे यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर त्यांचं घर. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक चपलांचं खोकं घेऊन आलं. नागपूरला बदली झाली होती, ट्रक भरत होता. "वहिनी, दोन दिवस सांभाळा, तिकडं बस्तान बसलं की नेतो," असं म्हणून त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं आणि गेलं ते गेलंच. खोक्यात एक गिनीपिग होती.

काउंटरवर चन्नवीरची बायको पवित्रा होती. तिनं असलं जनावर जन्मात बघितलं नव्हतं. ओंजळीत मावेल एवढं अंग, शेपूट नावालाही नाही, कान फुलाच्या पाकळीसारखे लोंबते आणि केसांचा रंग थेट बुंदीच्या लाडवाचा. मग नावही तेच पडलं. काय खाते, कशी राहते, हे कुणी सांगितलं नव्हतं. पवित्रानं आपलं दूध-पाव घातला. महिनाभरात बुंदी मलूल झाली, मागचे पाय ओढत चालायला लागली.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी, रेडकं, शेळ्यांच्या रांगेत पवित्रा मांडीवर खोकं घेऊन बसली. लोक हसत होते. डॉक्टर हंबीरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा वर सरकवून बराच वेळ वाचलं आणि म्हणाले, "सी जीवनसत्त्व हिच्या अंगात तयारच होत नाही, बाई. गाईच्या होतं, कुत्र्याच्या होतं. हिच्या नाही आणि तुमच्या-माझ्याही नाही. रोज ढोबळी मिरची द्या, कोथिंबीर द्या, अधूनमधून पेरूची फोड. आणि वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात पाहिजे. दात जन्मभर वाढत असतात हिचे."

दोन वाक्यं तर होती. ती त्या माणसानं सांगितली असती तर बुंदीचे हाल झाले नसते, हे पवित्राच्या मनात कायमचं राहिलं.

बुंदी सुधारली. गॅलरीत सुताराकडून ऐसपैस पेटारा करून घेतला. तीन वर्षं ती त्यात सुखानं राहिली. भाजीच्या पिशवीचा आवाज आला की "कुईक, कुईक" अशी शीळ घालायची, एरवी गप्प. पवित्राला वाटायचं, मुकं जनावर, त्याला बोलायला असणार तरी काय?

पुढं पवित्राचीच छाती भरायला लागली. पहिल्यांदा सर्दी वाटली. मग जिना चढताना शिट्टीसारखा श्वास. पेठेतल्या माणसांच्या डॉक्टरांनी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि बोट नेमकं ठेवलं. "गवताची धूळ सोसत नाही तुम्हाला. औषध देतो, पण घरातलं गवत बंद झालं पाहिजे."

गवत बंद म्हणजे बुंदी बंद.

"अगं, देऊ या कुणाला तरी," चन्नवीर म्हणाला.

"कुणाला तरी न्हाई. कुणाला तरी म्हणूनच ती खोक्यातनं आपल्याकडं आलती."

शेजारच्या अंबूबाईंनी सोपा उपाय काढला. "बागेत सोड की. गवतच गवत हाय."

"काकू, तिला बीळ उकरता येत न्हाई, झाडावर चढता येत न्हाई. मांजरं हायत, कुत्री हायत. संध्याकाळ बघायची न्हाई ती."

प्राणी विकणाऱ्या एका दुकानदारानं "आणा, चार दिवसांत खपंल" असं सांगितलं. पवित्रा बघायला गेली. एकाच पिंजऱ्यात ससे, गिनीपिग आणि वर पोपट, पाण्याची वाटी कोरडी. ती तशीच परत आली. चन्नवीरच्या मावसभावाला मुलाच्या वाढदिवसाला द्यायला पाहिजे होती. "मुलाला कंटाळा आला की कोण बघणार?" असं तिनं विचारलं तेव्हा पलीकडून फोनवर नुसतं हसणं ऐकू आलं.

शेवटी हंबीररावांनीच पत्ता दिला. कसबा बावड्याला सयाजी म्हणून एक जण होते. कॉलेजात प्रयोगाच्या जनावरांच्या खोलीवर शिपाई होते. ती खोली बंद झाली तेव्हा उरलेल्या म्हाताऱ्या माद्यांचं काय करायचं ते कर, असं त्यांना सांगण्यात आलं. ते काय करायचं, हे सयाजींना ठाऊक होतं. ते त्यांच्यानं होईना, म्हणून बुट्टीत घालून घरी घेऊन आले.

पवित्रा आधी एकटीच गेली. बुंदीला घरी ठेवलं. घर बघितल्याशिवाय लेक देत नाहीत, मग ही तर बोलूनही सांगू शकत नव्हती.

दारात सयाजींची बायको, शालूबाई, उभी होती. साठीची, उंचीपुरी, आवाज शेताच्या पलीकडं जाईल असा.

"गिनीपिग द्याची हाय म्हनं तुमाला? का द्याची?"

पवित्रानं दम्याचं सांगितलं.

"खरंच दमा हाय का कटाळा आला?"

पवित्राला राग आला आणि त्याच क्षणी बरंही वाटलं. तिनं पर्समधली औषधाची चिठ्ठी काढून दाखवली. शालूबाईनं ती वाचल्यासारखी करून परत दिली.

"मादीच हाय न्हवं? नर निघाला तर परत न्ह्यावा लागंल. पिल्लांची पलटन न्हाय करायची मला."

"मादीच. डॉक्टरांनी बघितलंय."

"मग बघा की आमचं घर. तुमीबी बघायलाच आलाय."

पवित्रानं खरंच सगळं बघितलं. जुनं खुराडं मोठं करून बारीक जाळी मारली होती. वर पत्रा, पत्र्यावर उसाचा पाला, म्हणजे आत गारवा. खाली फरशी. मांजराला पंजा घालता येणार नाही अशी कडी. आत तीन गिनीपिग, दोन पांढऱ्या, एक काळी, गवताच्या ढिगात तोंड खुपसून.

"पंधरा दिस येगळी ठेवनार," शालूबाई म्हणाली. "रोगबीग असला तर कळंल. मग मिसळू. जमलं तर ऱ्हाईल. न्हाय जमलं तर तुमाला फोन करनार. रस्त्यावर सोडनार न्हाय."

ठरलं. पुढच्या सोमवारी चन्नवीरच्या स्कूटरवरनं बुंदी बावड्याला आली. सोबत तिची वाटी, तिच्या वासाचं पोतं, कोथिंबिरीची जुडी आणि पवित्रानं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद: काय खाते, काय खात नाही, नखं कधी कापायची, डाव्या पायाला हात लावलेला आवडत नाही. शालूबाईनं सयाजींना कागद दोनदा वाचायला लावला.

पंधरा दिवस बुंदी पडवीतल्या टोपलीत राहिली. सोळाव्या दिवशी शालूबाईचा दुकानात फोन आला. "या. आज सोडनार हाय. तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं."

पवित्रा नाकाला रुमाल बांधून खुराड्यापासून चार हातांवर बसली. पावणेसहाचं तिरपं ऊन जाळीतनं आत पडलं होतं. सयाजींनी बुंदीला हळूच फरशीवर ठेवलं.

बुंदी दगडासारखी थिजली. चपलांच्या खोक्यातनं आली तेव्हापासून तिनं आपल्यासारखं दुसरं जनावर बघितलं नव्हतं. आपल्यासारखं कुणी असतं, हे तिला आठवत तरी होतं का, कोण जाणे. काळी पुढं आली. नाकाला नाक लावलं.

आणि बुंदीच्या पोटातनं आवाज आला. "घुर्रर्रर्र." खोल, संथ, दूरच्या गिरणीसारखा. काळीनं तसलाच आवाज परत दिला. मग एक पांढरी बारीक चिरकली, बुंदी तिला वेगळ्याच सुरात काहीतरी म्हणाली, पांढरी बाजूला झाली. एकाला एक उत्तर. प्रत्येक उत्तराचा आवाज निराळा. तीन वर्षं जिच्या तोंडनं एकच शीळ ऐकली, ती बुंदी घडाघडा बोलत होती!

"हे... हे तिला कुणी शिकवलं?" पवित्रानं विचारलं.

"कोन शिकवनार?" शालूबाई कधी नव्हे ती हळू बोलली. "पोटातनंच आनत्यात."

तेवढ्यात बुंदी चारी पायांवर टुणकन हवेत उडाली, हवेतच अंग फिरवून तोंड दुसरीकडं करून खाली आली. परत उडाली. जसे लाह्या फुटाव्यात. काळी चालायला लागली, तिच्या मागं एक पांढरी, मागं दुसरी, आणि सगळ्यांच्या शेवटी बुंदी, नाक पुढचीच्या पाठीला लावून, जणू रोजचीच वाट असल्यासारखी.

ऊन उतरलं. सयाजींनी चहा आणला. कप तोंडाला लावणार तोच पवित्राला पाखरू ऐकू आलं. एकसारखं, स्वच्छ, उंच. तिनं झाडाकडं बघितलं. झाडावर काही नव्हतं.

शालूबाईनं तिचं मनगट धरलं. "हलू नगा."

बुंदी गवताच्या ढिगाजवळ मान वर करून उभी होती. डोळे उघडे, पण कुठंच न बघणारे. तिचं सगळं अंग आवाजाबरोबर थरथरत होतं. पाखराचा तो सूर तिच्यातनं येत होता. बाकीच्या तिघी होत्या तिथं पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या. काळीच्या तोंडातली काडी तशीच अर्धी बाहेर होती. मिनिटभर, दोन मिनिटं, कुणाला ठाऊक किती वेळ. ऊसवाल्याचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला तरी एकीनंही कान हलवला नाही.

आवाज थांबला. काळीनं काडी खाल्ली. बुंदी गवतात तोंड घालून मामुली जनावर झाली.

"कॉलेजात बावीस वर्सं काढली मी," सयाजी म्हणाले. "शेकड्यांनी हातातनं गेली. हे दोनदा ऐकलं. आज तिसऱ्यांदा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

हंबीररावांना पवित्रानं नंतर विचारलं. ते म्हणाले की अशी गातात हे खरं आहे, पण का, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी बावड्याहून परतताना पवित्राला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रिकाम्या पेटाऱ्यासमोर ती उभी राहिली तेव्हा तिला आपल्या तीन वर्षांचा नवा अर्थ लागत होता. एवढ्याशा त्या जिवात एक आख्खी भाषा घडी घालून ठेवलेली होती आणि उलगडायला कुणी नव्हतं म्हणून ती तशीच राहिली होती. आपण तिला खायला घातलं, औषध दिलं, जीव लावला. आपल्याला देता येत नव्हतं ते एकच होतं आणि ते एका काळ्या म्हाताऱ्या गिनीपिगनं नाक लावून दिलं.

चन्नवीरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "उंदराएवढं जनावर आणि गातंय? काहीतरीच!"

सोमवारी दुकान बंद असतं. पवित्रानं त्याला बावड्याला नेलं. त्या दिवशी बुंदी गायली नाही. पुढं तीन वर्षं जगली, पण पवित्राच्या समोर परत कधीच गायली नाही. त्या सोमवारी चौघी नुसत्या एकामागं एक चालत होत्या, घुमत होत्या, एकमेकींशी कुजबुजत होत्या. चन्नवीर जाळीसमोर उकिडवा बसला. पहिल्यांदा घड्याळ बघत होता, मग बघायचा थांबला. पाय भरून आले तेव्हा शालूबाईनं त्याच्या पुढ्यात पाट सरकवला.

"बसा पावणं," ती म्हणाली. "घाई हाय काय?"

"न्हाई," चन्नवीर जाळीवरची नजर न काढता म्हणाला. "आज काय घाई न्हाई."